सहाचे बारा करताना गाडीचे बारा वाजू नयेत

वाचक विचारतात : जुन्या गाड्यांची वायरिंग

या महिन्यातली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत. जुनी सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टवर न्यायची आहे, किंवा नेली आणि आता पस्तावा होतोय. पत्रे थोडी छाटून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडं आजोबांच्या वेळची १९४७ ची शेवरलेट फ्लीटमास्टर आहे. सेल्फ मारला की इंजिन दोन फेरे कसंबसं फिरतं आणि बसतं. गरम असताना तर उचलतच नाही. हेडलाइट पिवळे. बॅटरी नवी टाकली, बॅटरीच्या दोन्ही केबलही नव्या टाकल्या, तरी फरक नाही. मेकॅनिक म्हणायलेत, सहा व्होल्टमध्ये दमच नसतो, बारा करून टाका. करावं का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आत्ताच नको. ही गाडी कारखान्यातून सहा व्होल्टवर निघाली तेव्हा तिचा सेल्फ इंजिन नीट फिरवत होता. मधल्या काळात बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधला रस्ता खराब झाला आहे, आणि आमचा पहिला संशय तुमच्या नव्या केबलींवरच आहे.

हिशेब असा. सेल्फला समजा १,२०० वॅट लागतात. सहा व्होल्टवर त्यासाठी २०० अँपिअर ओढावे लागतात, बारावर १००. केबल, थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आणि अर्थ (बॅटरीपासून बॉडी-इंजिनाला जाणारी जोडणी) मिळून वाटेत फक्त ०.००५ ओहमचा अडथळा असला, तर सहा व्होल्टच्या गाडीत एक पूर्ण व्होल्ट वाटेतच खर्च होतो. म्हणजे सहातला एक गेला. बारा व्होल्टच्या गाडीत तोच अडथळा अर्धा व्होल्ट खातो, बारातला अर्धा. तोटा चौपट कमी. म्हणून बारा व्होल्ट केल्यावर 'गाडी सुधारली' असे वाटते. खरे तर खराब सांधा तसाच असतो, आपण फक्त त्याच्यावरून उडी मारलेली असते.

दुकानात 'कारची केबल' मागितली की २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटरची मिळते. ती बारा व्होल्टची. तुमच्या गाडीला ७० चौ. मिमी हवी, अगदीच लांबी कमी असेल तर ५०. तयार मिळत नाही, पण वेल्डिंगची केबल याच मापात मिळते. वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या दुकानांत चौकशी करा. घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ते नको. थिंबल हातोड्याने ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या आणि वरून हीट-श्रिंक नळी चढवा.

पण केबल आणण्याआधी मल्टिमीटर लावा. बॅटरी चार्ज करून तासभर उभी ठेवल्यावर ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवायला हवेत. कॉइलची करंटची वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग एकाने सेल्फ मारायचा, पाच सेकंद, आणि दुसऱ्याने मीटर पाहायचा:

– बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये : ५ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.
– बॅटरीचा प्लस खुंट ते सेल्फचा बोल्ट : ०.३ पेक्षा कमी.
– बॅटरीचा मायनस खुंट ते सेल्फची बॉडी : ०.२ पेक्षा कमी.

मीटरची टोके खुंटाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला काळा थर हाच पुष्कळदा गुन्हेगार असतो. तिसरे माप जास्त आले तर इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. पट्टी तुटली किंवा रंगाच्या थरावर आवळली असली, की सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागत असेल तर दुसरा पुरावा नको. बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टला जाड केबल द्या, बोल्टखालचा रंग धातू दिसेपर्यंत घासून.

हे सगळे ठीक असूनही गरम इंजिन उचलत नसेल तर सेल्फ उघडा. बुश झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) फील्डच्या (भोवतीच्या स्थिर चुंबकाच्या) पोलला घासते. आर्मेचरवर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसतात. ठिणगीचे टायमिंग जास्त पुढे असले तरी गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देते, तेही बघा.

दिव्यांचेही तसेच. बल्बपाशी १० टक्के व्होल्टेज कमी पोचले की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. दिव्याच्या वाटीपासून बॉडीला नवी अर्थ वायर टाका आणि रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर मग बाराचा विचार करू.

प्रश्न : विलीज जीप, सीजे-३बी, सहा व्होल्ट, मायनस अर्थ (म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला), पायाने दाबायचा सेल्फ. गाडी रोजच्या वापरात आहे, रात्री-अपरात्री शेतावर जावं लागतं. एच-४ दिवे आणि मोबाइल चार्जर हवाय. सहा व्होल्टचे बल्ब लातुरात मिळत नाहीत. बारा करायचं ठरवलंय. काय काय बदलायचं, काय ठेवायचं, क्रमानं सांगा.
— लातूर

उत्तर : तुमचे कारण रास्त आहे. बल्ब मिळत नाहीत आणि गाडी रोज चालते, तर करा.

आधी भार मोजा, कारण अल्टरनेटर, वायर, फ्यूज सगळे त्यावरून ठरते. एच-४ हॅलोजनचे दोन बल्ब अप्परवर १२० वॅट. मागचे दोन ५ वॅटचे, नंबरप्लेटचा ५, मीटरचे चार मिळून ८, कॉइल साधारण ५०. बेरीज १९३ वॅट. चालू गाडीत व्होल्टेज १३.८ धरले तर १४ अँपिअर. ब्रेकचे दिवे, हॉर्न आणि चार्जर थोडा वेळ चालणारे आहेत. म्हणजे ३५ अँपिअरचा लहान अल्टरनेटर तुम्हाला पोटभर आहे. भंगारातून 'स्वस्तात मिळाला' म्हणून ६५-७० चा बसवू नका. बॅटरी उतरलेली असताना तो बेल्टवर आणि जुन्या वायरिंगवर उगीच ताण आणतो.

सेल्फ तोच ठेवा. त्यातल्या कॉइल जाड तारेच्या असतात आणि त्या काही सेकंदच चालतात, म्हणून बारा व्होल्ट सहन करतात. मात्र सेल्फ आता जोरात फिरणार आणि बेंडिक्सचे पिनियन, म्हणजे सेल्फच्या शाफ्टवरचे लहान दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या रिंगवर आपटून बसणार. रिंगचे दात आधीच झिजलेले असतील तर तिथून चुरा निघायला वेळ लागत नाही. म्हणून एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय दुसऱ्यांदा दाबू नका. बॅटरीही ३५ ते ४५ अँपिअर-अवरचीच घ्या. ट्रॅक्टरची मोठी बॅटरी टाकली तर धक्का आणखी वाढतो. पुढेमागे बारा व्होल्टचा सेल्फ घ्यायचा झाला तर आधी रिंगचे आणि पिनियनचे दात मोजा. विलीजमध्ये ९७ दातांची जुनी रिंग आणि नंतर १२४ दातांची रिंग, असे फरक आहेत. चुकीचे पिनियन बसते, फिरते आणि रिंग खाते.

डायनामो आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) दोन्ही काढा. अल्टरनेटर बसवताना खरे काम लेथवर आहे. जुना फॅन बेल्ट रुंद, साधारण १६-१७ मिमीचा. कारच्या अल्टरनेटरची पुली १३ मिमीच्या किंवा त्याहून अरुंद बेल्टची. रुंद बेल्ट अरुंद पुलीवर चढवला तर तो खाचेच्या काठावर बसतो, बाजूंनी पकड घेत नाही, दिवे लावले की किंचाळतो आणि महिन्यात तुटतो. जुन्या डायनामोची पुली घेऊन टर्नरकडे जा, तिचे भोक अल्टरनेटरच्या शाफ्टइतके करून घ्या, आत बुश लागला तर लावा. मग क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी धरून पाहा, तिन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. दोन-तीन मिमीची तिरपाईही बेल्ट खाते. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर मधोमध एक ते सव्वा सेंटिमीटर झुकला पाहिजे.

अल्टरनेटरचा मोठा बोल्ट, म्हणजे बी-प्लस, तिथून ६ चौ. मिमीची वायर ५० अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीच्या प्लसला. जुन्या अँमीटरमधून ही वायर नेऊ नका. तो ३० अँपिअरचा आहे; बॅटरी खाली असताना अल्टरनेटर सगळा जोर लावतो आणि मीटरच्या मागचे दोन बोल्ट तापतात, नेमके जिथे कापडी वायरींचा गुंता असतो तिथे. अँमीटर हवाच असेल तर फक्त दिवे आणि हॉर्न त्याच्यामधून न्या. त्याऐवजी व्होल्टमीटर लावला तर माहिती जास्त मिळते.

लहान पिन, तिच्यावर एल किंवा डी-प्लस लिहिलेले असते, ती डॅशवरच्या लाल दिव्यातून इग्निशनच्या स्विचला जोडायची. इथे साधा फिलामेंटचा २ ते ३ वॅटचा बल्बच हवा. त्याच्यामधून जाणारा करंटच अल्टरनेटर जागा करतो. एलईडी लावला की करंट पुरत नाही, आणि गाडी जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. मग मंडळी अल्टरनेटर बदलतात. एलईडीच पाहिजे असेल तर त्याला समांतर ५० ओहमच्या आसपासचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा.

कॉइल बारा व्होल्टची, प्रायमरी (तिच्या दोन लहान बोल्टमधले वेटोळे) ३ ओहमची. याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर आहे. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, प्लग, डिस्ट्रिब्युटर काही बदलायचे नाही.

बल्ब सगळेच्या सगळे बदला, एकही विसरू नका. सहा व्होल्टच्या बल्बला बारा दिले की करंट दुप्पट, वॅट चौपट. मीटरमागचा एखादा विसरलेला बल्ब पहिल्याच रात्री जातो. हेडलाइट सात इंची गोल असल्यामुळे एच-४ ची तयार काच-वाटी बसते. मागच्या ब्रेक-टेल बल्बसाठी होल्डर उघडून पिना पाहा. आपल्याकडच्या २१/५ वॅटच्या बल्बच्या पिना खाली-वर असतात, जुन्या होल्डरच्या खाचा पुष्कळदा समान उंचीच्या. बळे फिरवून बसवलेला बल्ब ब्रेक दाबल्यावर मंद आणि टेल लावल्यावर प्रखर पेटतो. होल्डर बदला. फ्लॅशर असेल तर तो बारा व्होल्टचा, दोन २१ वॅटच्या बल्बसाठीचा.

हॉर्नबद्दल : सहाचा हॉर्न बारावर वाजतो, फार जोरात वाजतो आणि मग एक दिवस वाजत नाही. रेझिस्टरने भागवायचे तर आठ अँपिअरच्या हॉर्नला ०.७५ ओहमचा, जवळजवळ ५० वॅट उष्णता झेलणारा रेझिस्टर लागेल. त्यापेक्षा बारा व्होल्टचा हॉर्न आणि एक रिले घ्या.

वायर जुनी ठेवायची का? जाडीने ती गरजेपेक्षा दुप्पट आहे, कारण करंट आता अर्धा झाला. पण वेष्टन बघा. एखादी वायर बोटाभोवती वळवा. कापडाखालचे रबर बिस्किटासारखे मोडले तर सगळी वायरिंग बदलावी लागेल. नवीत हेडलाइटला २.५, बाकीच्यांना १.५ चौ. मिमी पुरते. त्या काळच्या गाड्यांत फ्यूज असून नसल्यासारखे. सहा फ्यूजची पेटी बसवा, अप्पर-डिप्पर वेगवेगळे १५ चे, हॉर्न १५, टेल-मीटर १०, चार्जर १०.

सगळे जोडून झाले तरी बॅटरी एकदम लावू नका. बॅटरीचा मायनस खुंट आणि अर्थची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा एक बल्ब धरा. सगळे स्विच बंद असताना बल्ब काळाच राहायला हवा. लख्ख पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. फ्यूज एकेक काढत जा, ज्याने बल्ब विझेल ती लाइन दोषी. हा बल्ब मध्ये असेपर्यंत काहीही जळत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ ठीक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा १४.० ते १४.२ वर राहणारा रेग्युलेटर चांगला. त्याच्या वर बॅटरीचे पाणी झपाट्याने उडते. १४.८ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर खराब. १३.२ च्या वर चढत नसेल तर बेल्ट सैल आहे किंवा लाल दिव्याची लाइन तुटली आहे.

पेट्रोलच्या मीटरला बारा व्होल्ट लावू नका. का, ते खाली छत्रपती संभाजीनगरच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : डॉज किंग्जवे बारा व्होल्टवर केली, अर्थही प्लसचा मायनस केला. अल्टरनेटर वगैरे उत्तम. पण ३००-४०० किलोमीटरला पॉइंट जळतात, निळे पडतात. कॉइलला हात लावता येत नाही. चढावर गाडी खोकते. कॉइल नवी, बारा व्होल्टचीच आहे.
— धाराशिव

उत्तर : बारा व्होल्टच्या कॉइल दोन जातीच्या असतात आणि दुकानदार दोन्ही 'बारा व्होल्टची' म्हणूनच देतो. एकीची प्रायमरी ३ ओहमची, ती थेट जोडायची. दुसरी १.५ ओहमची, तिच्या वाटेत १.५ ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर असायलाच हवा. तुमच्या वर्णनावरून दुसरी जात आणि रेझिस्टर गायब. १२ भागिले १.५ म्हणजे ८ अँपिअर, आणि पॉइंट बनलेत साधारण चारसाठी.

खात्री करून घ्या. कॉइलच्या दोन्ही लहान बोल्टवरच्या वायर काढा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवा; ०.३ किंवा ०.४ दिसेल, तो वायरींचा स्वतःचा अडथळा. मग कॉइल मोजून त्यातून तो वजा करा. ही वजाबाकी विसरली तर दीडची कॉइल दोनची वाटते आणि माणूस गोंधळतो. दीड निघाली तर एक तर ३ ओहमची कॉइल घ्या, नाहीतर चिनी मातीचा १.५ ओहमचा बॅलास्ट लावा. पॉइंट बंद असताना त्याच्यात २४ वॅटची उष्णता होते, तेव्हा तो फायरवॉलच्या पत्र्यावर मोकळ्या हवेत बसवा, वायरींच्या जुडग्यात नको.

चढावर खोकण्याचे कारण वेगळे आहे. तुम्ही अर्थ उलटा केला, पण कॉइलच्या वायर तशाच ठेवल्या असाव्यात. प्लस अर्थच्या गाडीत कॉइलचा प्लस बोल्ट डिस्ट्रिब्युटरकडे जातो. मायनस अर्थ झाल्यावर मायनस बोल्ट डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवा. उलटी राहिली तरी गाडी चालते, म्हणून लक्षात येत नाही. पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि भाराखाली, प्लग गरम असताना, ती चुकायला लागते. दोन वायरींची अदलाबदल, पाच मिनिटांचे काम.

नवे पॉइंट बसवताना गॅप ०.५० मिमी ठेवा आणि कॅमवर ग्रीसचा एक ठिपका लावा. कोरडा राहिला तर फायबरची टाच झिजते आणि गॅप आपोआप मिटतो.

प्रश्न : १९४९ ची प्लिमथ, सहा व्होल्टच आहे, बारा करायची नाही. गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली तेव्हापासून अँमीटर उलटा चालतोय. बॅटरीची क्लॅम्पही सारखी सैल होते. सेल्फ उलटा फिरून इंजिनाला काही होणार नाही ना?
— परभणी

उत्तर : सेल्फ उलटा फिरत नाही. त्याच्यात फील्ड आणि आर्मेचर एकाच ओळीत जोडलेले असतात. बॅटरी उलटी केली तर दोन्ही उलटतात आणि दिशा तीच राहते. ती काळजी सोडा.

तुमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जातो. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्या, म्हणजे प्लिमथ, डॉज, डिसोटो, सगळ्या तशाच. आजच्या मेकॅनिकला ती चूक वाटते आणि तो 'दुरुस्त' करून देतो. पारख सोपी आहे. इंजिन बंद ठेवून दिवे लावा. अँमीटरचा काटा चार्जकडे गेला तर बॅटरी उलटी आहे. सैल क्लॅम्पही तेच सांगते : बॅटरीचा प्लस खुंट मायनसपेक्षा जाड असतो. अर्थची क्लॅम्प जाड खुंटासाठीची, ती आता बारीक खुंटावर बसवली आहे. आत पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकलेला सापडला तर नवल नाही.

बॅटरी पूर्ववत प्लस अर्थ करा. मग डायनामोला दिशा द्यायची, नाहीतर तो उलटे व्होल्टेज तयार करील आणि कटआउटचे पॉइंट चिकटतील. तुमच्या गाडीत ऑटो-लाइटचा डायनामो असेल तर इंजिन बंद ठेवून, वायरचा तुकडा घेऊन रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर या दोन बोल्टना निमिषभर टेकवा. एक ठिणगी उडते, झाले. धरून ठेवू नका. हीच युक्ती जुन्या फोर्डवर करू नका. तिथे फील्डची वायर रेग्युलेटरपासून सोडवून ती बॅटरीच्या बोल्टला टेकवायची असते. प्लिमथची पद्धत वापरली तर रेग्युलेटर जातो.

बॉनेटखाली 'प्लस अर्थ' असे ठळक रंगवून ठेवा. पुढच्या मेकॅनिकसाठी.

प्रश्न : बारा व्होल्ट केल्यावर पेट्रोलचा काटा टोकाला जाऊन बसला, वास यायला लागला. इलेक्ट्रिशियननं रेझिस्टर लावून दिला. आता अर्धी टाकी बरोबर दाखवतो, पण भरलेली आणि रिकामी दोन्ही चूक. जुना व्हॉल्व्हचा रेडिओही आहे, तो चालू शकेल का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टाकीतला तरंगणारा गोळा वर-खाली होतो तसा मीटरमधला करंट बदलतो. ओळीत लावलेला रेझिस्टर किती व्होल्ट खाणार हे त्या करंटवर अवलंबून. म्हणून तो एकाच जागी बरोबर ठरतो, तुमच्याकडे अर्ध्यावर. मीटरला टाकीची पातळी काहीही असो, ठाम सहा व्होल्ट हवेत.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८०६ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आयसी मिळतो, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना तो माहीत असतो. छापील बाजू तुमच्याकडे धरली की डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. इनपुट आणि अर्थमध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुट आणि अर्थमध्ये ०.१ चा, दोन्ही पायांच्या अगदी जवळ. मीटर ०.२ अँपिअर घेत असेल तर आयसीत (१४ − ६) × ०.२ म्हणजे १.६ वॅट उष्णता होते; पाच सेंटिमीटर चौकोनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोल्टने आवळा. त्याची धातूची पाठ अर्थच असते, त्यामुळे मायनस अर्थच्या गाडीत थेट डॅशच्या पत्र्यावर बसवले तरी चालते. प्लस अर्थच्या गाडीत हा आयसी चालत नाही, तिथे ७९०६ लागतो आणि त्याची पाठ अभ्रकाच्या वॉशरने बॉडीपासून वेगळी ठेवावी लागते. हे सगळे डॅशमागे करायचे. टाकीजवळ सोल्डरिंगची इस्त्री नेऊ नका.

रेडिओ सहा ते आठ अँपिअर ओढतो, ७८०६ त्याच्या कामाचा नाही. बारावरून सहा करणारा १० अँपिअरचा डीसी कन्व्हर्टर वेगळा लावा. पेट्रोलच्या काट्याला मात्र ७८०६ ऐवजी एलएम २५९६ चे (व्होल्टेज उतरवणारे) स्वस्त मॉड्यूल वापरले असेल तर रेडिओत खरखर येईल. ते मॉड्यूल ठिणगीसारखा आवाज टाकते.

प्रश्न : आठ व्होल्टची बॅटरी टाकली तर काहीच बदलावं लागत नाही म्हणे?
— नांदेड

उत्तर : बदलावे लागते, आणि मिळते थोडेच. आठची बॅटरी चार्ज व्हायला साडेनऊ व्होल्टच्या आसपास लागतात, तुमचा रेग्युलेटर सव्वासातला थांबतो. त्याचा स्प्रिंग ताणून सेटिंग वाढवले तर बल्ब झरझर जातात. नाही वाढवले तर बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहून सल्फेट धरते. असाच दुसरा उद्योग म्हणजे सेल्फला बारा आणि दिव्यांना त्याच बॅटरीच्या मधून सहा काढणे. अर्धे सेल रिकामे होतात, अर्धे जादा चार्ज होतात, बॅटरी सहा महिने टिकत नाही.

प्रश्न : बारा व्होल्ट केल्यावर विंटेज म्हणून नोंदणी मिळेल का? लग्नाच्या वरातीला गाडी भाड्यानं द्यायचा विचार आहे.
— जालना

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको, असे नियम म्हणतो. वायरिंगचा त्यात उल्लेख नाही. तरी मूळ डायनामो, कटआउट, कॉइल, हॉर्न तेल लावून पेटीत जपून ठेवा आणि अल्टरनेटरसाठी इंजिनाच्या ब्लॉकला नवीन भोके पाडू नका, ब्रॅकेट जुन्याच बोल्टवर बसवा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

वरातीचे मात्र विसरा. विंटेज नोंदणीची गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

प्रश्न : बारा व्होल्ट केलेली गाडी महिना-दोन महिने उभी असते. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावला तर चालेल का? कुठं लावायचा?
— हिंगोली

उत्तर : लावा, अर्थच्या केबलमध्ये, बॅटरीजवळ. सेल्फचा पूर्ण करंट त्याच्यातून जातो, म्हणून पितळी, जाड बोल्टचा, ट्रकला लावतात तसला घ्या. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर पाहा आणि मीटर लावा; १२.४ च्या खाली गेली की चार्जरवर ठेवा. अल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना हा स्विच कधीही बंद करू नका. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. घरात मुले बटणे फिरवणारी असतील तर काढून खिशात ठेवता येईल अशा चावीचा स्विच बघा.